जिवाची खिडकी

८ जानेवारी

पोचलो एकदाचा. पोस्टाच्या पिवळ्या बसने शेवटच्या वळणावर आपला तीन सुरांचा भोंगा वाजवला आणि या वयातही मी सहलीला निघालेल्या पोरासारखा काचेला नाक लावून बसलो. हिंटरमाट म्हणजे काय, तर उन्हाने करपून काळी पडलेली लाकडी घरं, एक चर्च, एक दुकान, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ग्लॉगहोर्न. शिखर कसलं, नुकतीच आंघोळ करून उन्हाला बसलेले आजोबाच. दुपारच्या उजेडात गुलाबी दिसत होते.

घरमालकीण मेंगाबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि जिभेने सोळाच्या. माझं सामान बघून म्हणाल्या, "मास्तर, दोन माणसांच्या स्की कशाला? एक जोडी तुमची आणि एक तुमच्या म्हातारपणाची का?" मी हसून वेळ मारून नेली. दुसरी जोडी माझ्या मुलाची, माथिसची आहे. ती मी ओसरीत माझ्या जोडीशेजारी उभी केली.

खोली मनासारखी आहे. चारी भिंती देवदाराच्या, कोपऱ्यात दगडी शेगडी, खिडकीतून समोर सगळा डोंगर. रात्रीच्या जेवणाला बार्लीचं दाट सूप आणि राईचा पाव. पाव चावताना माझी वर्गखोली आठवली, ओल्या लोकरीचा आणि खडूचा वास, आणि चाळीस आवाजांत म्हटलेली हिमकणाची कविता. चाळीस वर्षं मी ती शिकवली. कितीतरी तोंडांनी ती माझ्या कानावर घातली असेल, पण आठवतो तो एकच आवाज.

बाईंना सांगितलं की निवृत्तीनंतर ग्लॉगहोर्नवर एक सुरक्षित स्की-सफर नीट आखून करायची माझी हौस आहे. नाव सांगताना आईकडचं आडनाव सांगितलं. त्यांनी विचारलं, वाटाड्या कोण? मी म्हणालो, लुत्सी बुओल. गावात तोच सगळ्यात चांगला म्हणतात.

चांगला! माझ्या माथिसला त्यानेच डोंगरातल्या त्या पाळणा नावाच्या उतारावर नेलं आणि तिथेच झोपवलं. आता मी त्याला नेणार आहे.

१० जानेवारी

लुत्सी आला होता. मी मनात राक्षस रंगवून ठेवला होता. प्रत्यक्षात निघाला पन्नाशीचा, वाकड्या नाकाचा, सतत काहीतरी गुणगुणणारा माणूस. हातांत लाल लोकरीचे हातमोजे. उजव्या मोज्याचा अंगठा जवळजवळ दीड पट लांब. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "माझ्या बायकोने, उर्सिनाने विणलेत. विणताना दूरदर्शन बघत होती. बातम्या लांबल्या, अंगठाही लांबला." मेंगाबाई खो खो हसल्या. त्याच्यावर त्यांचा जीव आहे, त्याला त्या लुत्स्या म्हणतात आणि न विचारता त्याच्या ताटलीत चीज टाकतात.

मग आम्ही नकाशा पसरला. मुलाला पाढे शिकवावेत तितक्या धीराने त्याने सगळं सांगितलं. संध्याकाळी हिमखात्याचं पत्रक निघतं ते आधी वाचायचं. धोका पाच पायऱ्यांत मोजतात. तिसऱ्या पायरीला खडा उतार टाळायचा. वाऱ्याने बर्फ कुठे साठवलंय ते बघायचं. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे पाय मागे घसरत नाही. माथ्यावर त्या सोलून खिशात घालायच्या आणि खाली सुटायचं. प्रत्येकाच्या छातीला शोधयंत्र हवंच. ते सतत खूण पाठवत राहतं, आणि कुणी गाडला गेलाच तर बाकीच्यांनी आपापली यंत्रं ऐकण्यावर टाकायची की ती पी-पी करत अंतर दाखवतात. इथले लोक त्याला लाडाने पिपाणी म्हणतात.

माथ्याला दोन वाटा. सोंडेवरून लांबची आणि साधी. दुसरी पाळण्यातून. पाळणा म्हणजे दोन सोंडांमध्ये खोल बसलेला उतार. दुरून खरोखर झोळीसारखा दिसतो. त्याच्यावर बोट आलं तेव्हा लुत्सीचं गुणगुणणं थांबलं. तिकडे मी जात नाही, म्हणाला. मी निरागसपणे विचारलं, का? तो नकाशाची घडी घालू लागला.

का ते मला ठाऊक आहे. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याने माझ्या पोराला पुढे घातलं आणि स्वतः मागे थांबला. उतार तुटला. माथिस गेला, हा राहिला. चौकशीत कुणी दोषी ठरलं नाही. मी तेव्हा मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन इस्पितळात पडलो होतो. देह आणायला माझी बायको रेगुला एकटी आली, आणि पुढच्या हिवाळ्यात तीही गेली. म्हणून लुत्सी मला ओळखत नाही.

माझी योजना सरळ आहे. दहा वेळा त्याच्याबरोबर साध्या वाटांनी जायचं. लाडीगोडीने, हट्टाने, पैशाने, कशानेही एक दिवस त्याला पाळण्याच्या काठावर उभं करायचं, धोका तिसऱ्या पायरीवर असताना. म्हणायचं, लुत्सी, आधी तू. मी काठावर थांबेन. तो थांबला होता तसा.

१३ जानेवारी

आज बर्फ. दिवसभर घरात. पलंगाच्या वर, छताखाली, भिंतीत एक फळी दिसली. तळहाताएवढी, खाचेत सरकणारी, वर कोरलेला क्रॉस. मला वाटलं धूर जायला असेल. मेंगाबाईंना विचारलं तर हातातली कढई खाली ठेवून म्हणाल्या की ती जिवाची खिडकी. जुन्या घरांतून असायचीच. घरात कुणाचा जीव जायला लागला की फळी सरकवायची, जीव बाहेर पडू द्यायचा, आणि लगेच बंद करायची, नाहीतर तो परत यायचा. त्यांचे सासरे तिथून गेले, नवरा तिथून गेला. एरवी तिला हात लावायचा नाही.

आणि लावला तर? मी विचारलं.

"बाहेर जायचं दार आहे ते. फुकट उघडायचं नसतं. उघडलं की त्या घरातलं कुणीतरी जातंच. तुम्ही शहरातली माणसं, झाकण दिसलं की उचलता!"

संध्याकाळी शेगडीपाशी बसून विचार करत राहिलो. माथिस उघड्यावर गेला. त्याच्यासाठी कुणी फळी सरकवली? कुणी नाही. त्याला बाहेर सोडायलाही कुणी नव्हतं आणि आत घ्यायलाही. बाई कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या तेव्हा मी पलंगावर चढलो. फळी घट्ट होती, चाकूने सैल केली. सुईसारखी थंडी आत आली. मी त्या भोकाला तोंड लावलं आणि त्याची कविता म्हटली:

हिमकणा रे, हिमकणा रे,
टेक माझ्या दारी जरा;
दार उघडे तुझ्याचसाठी—

इथेच थांबलो. माथिस नेहमी इथेच थांबायचा. चौथी ओळ त्याला कधी आठवायची नाही. वर्गात बाकीची पोरं फिदीफिदी हसायची आणि तो माझ्याकडे बघायचा, वडील सांगतील म्हणून. मी त्याच्यासारखीच म्हटली, म्हणजे आपल्यालाच बोलावतायत हे त्याला कळावं.

मग एक नावही सांगितलं. लुत्सी बुओल. दोनदा.

१४ जानेवारी

झोप सुरेख लागली. सकाळी ओसरीत आलो तर माथिसच्या स्कीला पट्ट्या चिकटवलेल्या. मी त्या घडी करून पिशवीत ठेवल्या होत्या, मला पक्कं आठवतं. ओल्या होत्या. पट्ट्यांच्या केसांत बर्फाचे बारीक दाणे.

मेंगाबाईंना वाटलं मीच पहाटे फिरून आलो. म्हणाल्या, "मास्तर, चिखल... बरं बाई, बर्फ करायचंच तर दाराबाहेर करावं." शेगडीवर पट्ट्या वाळत टाकल्या. त्यांना स्कीच्या मेणाचा आणि त्याच्या जुन्या टोपीचा वास येत होता. मी तोंड खुपसून वास घेतला. रडलो, खरं सांगायचं तर आनंदाने.

१७ जानेवारी

लुत्सीबरोबर पहिली सफर, वनाच्या कडेने, अगदी सौम्य. निघण्यापूर्वी त्याने रीतसर पाहणी केली: स्वतःचं यंत्र ऐकण्यावर टाकून उभा राहिला आणि मला पुढून चालत जायला सांगितलं. माझ्या यंत्राची खूण त्याला आली. बरोबर. मी पुढे निघून गेलो तरी त्याचं यंत्र वाजत राहिलं. त्याने ते हलवलं, हातावर आपटलं, ओसरीकडे धरलं. तिथे जास्त वाजलं. "मास्तर, घरात आणखी एक पिपाणी चालू ठेवलीत का? बॅटरी फुकट जाईल." मी म्हणालो, नाही. मेंगाबाई आतून ओरडल्या की माझं हृदय वाजत असेल, तुला बघून वाजतं मेल्या.

तो हसला. मीही हसलो.

माथिसचं यंत्र सापडलंच नव्हतं. देह मिळाला तेव्हा पट्टा तुटलेला होता, असं रेगुलाने सांगितलं होतं. तीन हिवाळे कुठली बॅटरी टिकते?

वाटेत लुत्सी चांगला वागला. माझा खुबा दुखतोय हे न विचारता ओळखून पावलं आखूड केली. थर्मासमधला चहा आधी मला दिला. त्याचा चांगुलपणा मला अळणी सुपासारखा नकोसा होतो. माझ्या पोराला पण असाच चहा दिला असेल त्याने.

घरी आल्यावर फळीला तोंड लावून पुन्हा ते नाव सांगितलं. आता रोज सांगतो. पूर्वी शाळेत प्रार्थना असायची, तशी वेळ ठरून गेली आहे.

२१ जानेवारी

पलंगाशेजारी जमिनीवर बर्फ पडलेलं असतं. मूठभर. शेगडी धगधगत असते तरी वितळत नाही. मी ते वाडग्यात भरून खिडकीबाहेर टाकतो.

आज ते टाकताना वाडग्याला चार बोटांच्या खुणा दिसल्या, आतल्या बाजूने. मी म्हणालो, बाळा, मी विसरलेलो नाही. धीर धर.

मला उत्तर मिळालं असं वाटलं. फळीच्या भोकातून कुणीतरी श्वास आत ओढावा तसा आवाज. बाहेर सोडलेला मात्र ऐकू आला नाही.

२४ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

लुत्सी जेवायला होता. मेंगाबाई शेजारी गेल्या होत्या. मी पाव कापत होतो, आम्ही कापतो तसा, छातीशी धरून, सुरी आपल्याकडे ओढत. तो बघत होता. मग शांतपणे म्हणाला, "माथिसपण असाच कापायचा. मी त्याला म्हणायचो, एक दिवस स्वतःलाच कापशील रे."

सुरी हातात तशीच राहिली.

ओसरीतल्या माथिसच्या स्कीवरून त्याने मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. कुणाला बोलला नाही. मग त्याने सांगितलं, आडपडदा न ठेवता. त्या सकाळी धोका तिसऱ्या पायरीवर होता. त्याला वाटलं उतार धरेल. मागच्या एका बाईची स्की सुटली होती, ती बसवायला तो वाकला, आणि माथिसला म्हणाला, तू हो पुढे. आधी वाटाड्याने जायचं असतं. तो नाही गेला. कोर्ट काही म्हणो, मास्तर, चूक माझीच.

"मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी पाळण्यात पुढे जाईन. फक्त तुम्ही मागून येऊ नका. उर्सिनाला काहीतरी सांगावं लागेल ते मात्र तुम्ही सांगा, मला जमणार नाही."

आणि आपले ते हास्यास्पद मोजे चढवून निघून गेला.

इतके दिवस मी एका दाराला धडका देत होतो, आणि ते आतून उघडंच होतं. मला काय वाटतंय तेच समजत नाही. राग शोधतो आहे, हाताला लागत नाही. तो मोकळा झाला आणि मला रिकामं करून गेला.

संध्याकाळी नाव घेतलं नाही. म्हटलं, माथिस, पुरे. उघडी फळी बंद करायला गेलो.

सरकत नाही. खाचेत बर्फ भरलंय, काचेसारखं टणक. आतल्या बाजूने भरलंय.

२५ जानेवारी

मेंगाबाईंनी बघितलं. शेवटी दाखवावंच लागलं. त्या दारातच थबकल्या. मग त्यांनी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने फळीवर घाव घातले, उकळतं पाणी ओतलं. पाणी वरच्या वर गोठलं.

कुणाला बोलावलंत, विचारलं. मी सांगितलं, मुलाला.

"एकट्याला?"

हो.

त्यांनी डोळे मिटून विचारलं की किती दिवस उघडी आहे. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बर्फात गेलेलं माणूस आपल्या मनाचं राहत नाही, मास्तर. तुम्ही त्याला जे शिकवाल तेच त्याला येणार. काय शिकवलंत?

मी जमिनीवरचं बर्फ वाडग्यात भरू लागलो.

२७ जानेवारी

लुत्सीला म्हटलं, पाळणा नको. साध्या वाटेने माथ्यावर जाऊ आणि मी घरी जाईन. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. धोका दुसऱ्या पायरीवर उतरला आहे, वारा नाही. उद्या पहाटे. सोंडेची वाट, सगळं त्याच्या पद्धतीने, अंतर राखून. खरोखरच सुरक्षित सफर. इथे आल्यापासून पहिल्यांदा मी नकाशा प्रामाणिकपणे वाचला.

२८ जानेवारी

माथा झाला नाही.

सोंडेवर अर्ध्यात धुकं उतरलं. लुत्सी पुढे, मी मागे. डावीकडे पाळणा असणार, दिसत नव्हता, नुसती पांढरी पोकळी. परत फिरण्यापूर्वी त्याने सवयीने यंत्र ऐकण्यावर टाकलं.

वाजलं. पाळण्यातून. खाली, अगदी जवळून.

मीही माझं ऐकण्यावर टाकलं. तेही वाजलं.

लुत्सीचा चेहरा उतरला. इथे नियम एकच आहे, तो त्यांच्या रक्तात आहे: खूण आली की जायचं. पण पाळण्यात वाऱ्याने भरलेलं ताजं बर्फ होतं, आणि पाठीशी मी, दुखऱ्या खुब्याचा म्हातारा. ज्याच्यासोबत निघालो त्याला आधी खाली पोचवायचं, हाही नियमच. त्याने दात खाऊन मला खाली आणलं. बचाव पथकाला कळवलं. ते म्हणाले धुक्यात हेलिकॉप्टर उडत नाही. खोऱ्यात कुणीही हरवलेलं नाही, सगळ्या गाड्यांचे मालक घरी आहेत. यंत्र बिघडलं असेल.

तो संध्याकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात बसून आहे, मेंगाबाई सांगतात. कोमट कॉफी हातात धरून.

आणि मी वर पडून विचार करतो आहे— तो तिथे आहे. माझा मुलगा. अजून वाजवतोय, अजून वाट बघतोय. आणि हा इथे खाली कॉफी पितोय.

राग परत आला. तो शोधावा लागला नाही.

२९ जानेवारी

उजाडताना लुत्सी माझ्या दारात आला. धुकं तसंच. म्हणाला, मास्तर, एकच विचारतो. काल ती खूण तुम्हालाही आली होती, का फक्त माझ्या पिपाणीला? फक्त माझ्याला असेल तर ती बिघडली, मी घरी जातो.

एक खोटं पुरलं असतं. नाही, मला काही ऐकू आलं नाही. एवढंच.

मी म्हणालो, मलाही आली होती.

त्याने मान डोलावली. मेंगाबाई जिन्यातून किंचाळल्या, "लुत्स्या, गाढवा, मेलेलं वाजतंय ते!" तो म्हणाला, "मेलंय का जिवंत ते उकरल्यावर बघतात, मावशी." आणि गेला.

मी खरंच बोललो होतो. आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

ओसरीत माथिसच्या स्की नाहीत.

त्याच दिवशी

आवाज आला. गडगडाट नाही, कुणी प्रचंड मोठं जाड कापड फाडावं तसा. ताटल्या वाजल्या. मग चर्चची घंटा.

सगळं गाव फावडी घेऊन वर गेलं. मेंगाबाई उर्सिनाकडे गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. फक्त म्हणाल्या, "ज्या घरातली खिडकी, त्या घरातला माणूस. मी सांगितलं होतं." आणि आपली पडशी उचलली. त्या परत येणार नाहीत. घर माझ्यावर सोडून गेल्या.

सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. लुत्सी या घरातला नव्हता. मी माथिसला नाव दिलं, त्याने घेतलं, पण ते खिडकीच्या फेडीत धरलं गेलं नाही.

या घरात आता मी आहे.

संध्याकाळ होत आली

गावकरी खाली उतरतायत. आवाज ऐकू येतात. लुत्सी सापडला— गेला. एक मोजा हाताला होता, दुसरा मिळाला नाही, असं कुणीतरी रस्त्यात ओरडून सांगत होतं. उर्सिनाचा आवाज— कान झाकून घेतले.

सूड म्हणतात तो हा का? मला वाटलं होतं काहीतरी भरेल. रेगुला हसेल. काही नाही. शेगडी विझली आहे, पेटत नाही.

माझं यंत्र टेबलावर आहे. बंद केलेलं.

वाजतं आहे.

अंधार पडतोय

दोन खुणा. दोन वेगवेगळ्या. एक मंद, तिला मी ओळखतो. दुसरी जलद, रागावलेली. अंतराचा आकडा उतरतो आहे. रस्त्याकडून नाही. दाराकडून नाही— भिंतीच्या त्या बाजूने—

दार लावून बघितलं, बाहेर पळायचं म्हणून उघडूनही बघितलं. दारात छपरापर्यंत बर्फ. कधी पडलं?

लुत्सी, मी नको म्हटलं होतं— नंतर नको म्हटलं होतं. पाळणा नको म्हणून मीच—

पण सकाळी—

हो. सकाळी.

पुन्हा

कविता म्हणतोय कुणीतरी. भोकातून. लहान मुलाच्या आवाजात.

टेक माझ्या दारी जरा

तोच आवाज, दुसरी-तिसरीतला. मागून एक घोगरा आवाज त्याच्या मागोमाग शिकल्यासारखा म्हणतो. गुणगुणतो. ते गुणगुणणं मला ठाऊक आहे.

दार उघडे तुझ्याचसाठी

थांबले. दोघंही. वाट बघतायत— वडील सांगतील म्हणून—

मी ती ओळ म्हटलीच नव्हती. इतके दिवस, रोज, तिथेच थांबलो. प्रेमाने थांबलो. आता आठवते आहे, म्हणायलाच हवी, अजूनही म्हटली तर कदाचित एकटाच येईल—

भोकातून बोटं आली. लाल लोकर. अंगठा लांब, फार लांब, पलंगापर्यंत, चादरीवर चाचपतोय— तळहाताएवढ्या भोकातून माणूस कसा जाणार बाहेर, एवढ्याशातून कसा—

मनगट धरलं. थंड. ओढतो आहे. मागून दुसरा हात, निळा मोजा, माझ्या माथिसचा, तोही— तोही ओढतोय, सोडवत नाही, ओढतो—

ऐक बाळा, चौथी ओळ, ऐक

एकटा ये, हो सोयर